मैदान, मैफल आणि बंदोबस्त

‘बंदोबस्त’ हा शब्द आपण पोलिसांना देऊन टाकला आहे. गणपती आले की बंदोबस्त, मंत्री आले की बंदोबस्त. मूळ फारसी शब्द मात्र फार घरगुती आहे. ‘बंद’ आणि ‘बस्त’ ही एकाच क्रियापदाची दोन रूपं, आणि त्या क्रियापदाचा अर्थ बांधणं. आपला मराठी ‘बांध’ही त्याच कुळातला. शेताला बांध घालावा तसं एखादं काम चारी बाजूंनी बांधून घेणं, तो बंदोबस्त. मैदान, मैफल, जलसा, शामियाना हे शब्दही फारसीच्याच वाटेनं आपल्याकडे आले आणि इथलेच होऊन गेले. आतषबाजीचंही तसंच. आतष म्हणजे आग आणि बाजी म्हणजे खेळ. खेळाच्या मैदानावर आगीचा खेळ मांडायचा, हे शब्दांनीच आपल्यासाठी जुळवून ठेवलं आहे.

श्रोते हो, आज बोलायचं आहे ते अशाच कार्यक्रमांविषयी. उघड्या मैदानावर हजारो माणसं जमवायची, त्यांना गाणं ऐकवायचं आणि आकाशात दारूकाम उडवायचं, ही हौस फार जुनी आहे. पण इतिहासात आपण वाचतो ते दारूकामाचं वर्णन. ते मांडताना कुणी काय विचार केला आणि काय केला नाही, हे वाचायला थोडं खोल जावं लागतं. मला त्यातच जास्त रस आहे.

आपल्याकडच्या दारूकामाचा इतिहास शोधला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या प. कृ. गोडे यांनी. या माणसाने अत्तरापासून ते जिलेबीपर्यंत कशाकशाचे दाखले जमवून ठेवले आहेत, त्याला तोड नाही. भारतातल्या दारूकामावर त्यांनी 1400 ते 1900 या पाच शतकांचा आढावा घेतला. त्यात विजयनगर येतं. इराणच्या शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक 1443 साली विजयनगरला होता. महानवमीच्या उत्सवाचं त्याने केलेलं वर्णन प्रसिद्ध आहे: विस्तीर्ण मैदान, सजवलेले हत्ती, मजल्यामजल्यांचे मंडप, गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया आणि नाना तऱ्हेचं दारूकाम. त्या दारूकामाचं सगळं वर्णन करायला बसलो तर फार लांबेल, असं सांगून तो पुढे जातो. पुढच्या शतकात आपल्या एकनाथांनी रुक्मिणीच्या लग्नात दारूकाम उडवलं आहे. म्हणजे सोळाव्या शतकातल्या मराठी माणसाला दारूकामाशिवाय मोठं लग्न डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. द्वारकेच्या कृष्णाला बंदुकीची दारू कुठून मिळाली, असं कुणी नाथांना विचारलं नसावं. विचारूही नये.

गोड्यांनी पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग उचलला आहे, तो मला फार आवडतो. महादजी शिंदे 1792 मध्ये पुण्याला आले. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे. महादजींनी त्यांना कोट्याच्या दिवाळीची हकिकत सांगितली. कोट्याचा राजा शहराबाहेर दारूची लंका उभी करतो, रावण असतो, राक्षस असतात, वानर असतात, हनुमानाच्या शेपटीला बत्ती देतात आणि तो उडत जाऊन लंका पेटवतो. अठरा वर्षांचा मुलगा ते ऐकून गप्प बसेल कसा? पेशव्यांनी तेच पुण्यात पाहायची इच्छा सांगितली. महादजींनी तयारी केली आणि पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री लंका जळाली. पेशवे आणि सरदार यांच्याबरोबर पुण्याच्या लोकांनीही मोठ्या गर्दीनं ती पाहिली, असं बखरकार सांगतो.

बखरीला इतिहास म्हणताना जपून राहावं लागतं, हे खरं. पण या हकिकतीतला ‘पुण्याचे लोक’ हा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. वाड्याच्या चौकात झालेलं दारूकाम निवडक लोकांचं. पर्वतीच्या पायथ्याशी झालेलं सगळ्यांचं. आकाशाला तिकीट लावता येत नाही, हा दारूकामाचा मोठेपणा आहे. आणि अडचणही तीच आहे, कारण किती माणसं येतील ते मग कुणाच्याच हातात राहत नाही.

ही अडचण काय असते ते लंडनमध्ये 1749 साली फार स्पष्ट दिसलं. महादजींच्या लंकेच्या चाळीसेक वर्षं आधीची ही गोष्ट. युरोपातलं एक लांबलेलं युद्ध 1748च्या तहाने संपलं होतं. राजे दुसरे जॉर्ज यांनी ठरवलं की लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये मोठं दारूकाम करायचं. पॅरिसहून सर्व्हांदोनी नावाचा नाटकाचे देखावे करणारा नामांकित कलावंत बोलावला. त्याने लाकूड आणि कापडाचं एक देऊळवजा बांधकाम उभं केलं, सुमारे 410 फूट लांब आणि 114 फूट उंच. आपल्याकडच्या गणेशमंडळांचे भव्य देखावे आठवा. दारूकामासाठी इटलीचे कारागीर आले. संगीत रचायचं काम दिलं हँडेलला, जर्मनीत जन्मून लंडनचाच झालेला त्या काळचा सर्वांत मोठा संगीतकार.

इथून गंमत सुरू होते. राजाला आधी संगीतच नको होतं. मग म्हणाला, असूच द्या, पण फौजेची वाद्यं असू द्या, व्हायोलिन नको. हँडेलला व्हायोलिन हवी होती. कार्यक्रमाची जबाबदारी सरकारच्या तोफखाना खात्याकडे होती आणि खात्याचे प्रमुख ड्यूक ऑफ माँटेग्यू यांची या काळातली पत्रं वाचली तर आपल्या कुठल्याही उत्सव कमिटीच्या सभेला बसल्यासारखं वाटतं. कलावंत ऐकत नाही, वरिष्ठ भडकतील, तारीख जवळ आली.

त्यात एक सौदा झाला. थेम्सपलीकडे व्हॉक्सहॉल नावाची बाग होती. तिथे संध्याकाळी पैसे देऊन लोक गाणं ऐकायला जात. बागेचा मालक जोनाथन टायर्स म्हणाला, माझे 700 पौंडांचे कंदील-दिवे मी तुम्हाला उसने देतो, शिवाय दिवे लावायला तीस नोकर देतो. पण रंगीत तालीम माझ्या बागेत करा. हँडेलचा विरोध होता. खर्च वाचत होता, म्हणून खात्याने ते मान्य केलं.

21 एप्रिल 1749 रोजी तालीम झाली. तिकीट अडीच शिलिंग. बारा हजारांहून जास्त लोक आले असं त्या काळच्या वृत्तपत्रांनी छापलं. आजच्या अभ्यासकांना हा आकडा फुगवलेला वाटतो आणि तसा तो असेलही. पण गाड्यांचं जे झालं ते झालंच. वेस्टमिन्स्टरचा नवा पूल अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे मध्य लंडनमधून नदी ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल. त्यावर घोडागाड्या अडकल्या त्या तीन तास. शंभर वाजंत्र्यांची सोय कशी करायची यावर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार झाला होता. पुलाचा विचार मागेच राहिला.

प्रत्यक्ष कार्यक्रम 27 एप्रिलला झाला. हवा पावसाळी. हँडेलचं संगीत मात्र दणक्यात वाजलं. चोवीस ओबो, बारा बसून, नऊ ट्रम्पेट, नऊ हॉर्न आणि नगारे. आपल्या भाषेत सांगायचं तर सनया, शिंगं, तुताऱ्या आणि नौबत. मोकळ्या मैदानात व्हायोलिनपेक्षा हीच वाद्यं दूर पोचतात, तेव्हा राजा अगदीच चुकला नव्हता, असं मला वाटतं. पुढे दारूकाम सुरू झालं. बाण चांगले उडाले, पण बाकीचं रेंगाळलं, काही पेटलंच नाही. मग त्या देखण्या बांधकामाच्या एका बाजूने पेट घेतला. उरलेला भाग वाचवायला जळता भाग तोडून वेगळा करावा लागला. आपली कलाकृती डोळ्यांदेखत जळताना पाहून सर्व्हांदोनीचा तोल गेला. त्याने दारूकामाच्या सरकारी अधिकाऱ्यावर, चार्ल्स फ्रेडरिकवर तलवार उपसली. त्याला धरून नेलं. दुसऱ्या दिवशी माफी मागून सुटला.

होरेस वॉलपोल या लेखकाने एका पत्रात हा सगळा प्रकार लिहिला आहे. त्याच्या मते फारसं नुकसान झालं नाही, फक्त दोन माणसं गेली. मागे पॅरिसला चाळीस गेली होती, असंही तो सांगतो, कारण आधी बत्ती कोण देणार यावर फ्रेंच आणि इटालियन कारागिरांत भांडण झालं आणि दोघांनी एकदमच दिली. वॉलपोल मोठा खुसखुशीत लिहिणारा माणूस. पण ते ‘फक्त दोन’ मला दर वेळी अडवतं.

एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. त्याच संगीताचा कार्यक्रम हँडेलने महिन्याभराने, 27 मे रोजी फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी केला. टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी ती संस्था. त्या कार्यक्रमाचं उत्पन्न मुलांच्या कामी गेलं. आणि या वेळी व्हायोलिन होती.

लंडनमध्ये निभावलं ते पॅरिसमध्ये 1770 साली निभावलं नाही. फ्रान्सचा युवराज आणि मारी आंत्वानेत यांच्या लग्नानिमित्त 30 मे रोजी पंधराव्या लुईच्या चौकात दारूकाम होतं. तिथेही इटालियन कारागीर, आणि आडनावही तेच, रुज्जेरी. लंडनला आलेला रुज्जेरी याच घराण्यातला. दारूकामात आग लागली. पण माणसं आगीने मेली नाहीत. चौकातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याचं काम अर्धवट होतं. त्यात चर होते, बांधकामाचा पसारा होता आणि समोरून गाड्या येत होत्या. चौकातली माणसं बाहेर जायला निघाली आणि बाहेरची आत यायला. अधिकृत आकडा 132 मृतांचा. पुढे त्याच चौकात गिलोटिन उभं राहिलं आणि 1793 मध्ये ते नवराबायको तिथेच मारले गेले, म्हणून इतिहासकारांना हा प्रसंग अपशकुनासारखा मांडायला आवडतो. मला शकुन-अपशकुनापेक्षा तो न बुजवलेला चर जास्त बोलका वाटतो. चार बैलगाड्या माती लागली असती.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावोगावच्या जत्रा आणि उरूस हे असेच मैदानी कार्यक्रम. हँडबिल पाहा: संध्याकाळी शेरणीवाटप, रात्री छबिना, शोभेचं दारूकाम, मग लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हंगामा. उरूस असेल तर संदल, गलेफ आणि कव्वाली. दारूकाम आणि कुस्त्या दोन्हीकडे त्याच. मी ज्या गावात वाढलो तिथे पिराचा उरूस साऱ्या गावाचा. कमिटीचे अध्यक्ष पाटील, हिशेब गुरवांकडे, आणि मैदानाची व्यवस्था आमच्या अब्बांकडे. घरटी पट्टी गोळा व्हायची. अब्बा शिवणकाम करत, त्यामुळे मापाचा माणूस म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं असावं.

दारूवाला शेजारच्या तालुक्यातून यायचा. भुईनळे, चक्रं, झाडं आणि शेवटी औट. औटासाठी लोखंडी नळ जमिनीत पुरायचे. अब्बा पीटीच्या सरांकडून कबड्डीचं मैदान आखायची फक्की मागून आणत आणि नळांपासून लांबवर एक जाड पांढरी रेघ ओढत. रेघेवर पाण्याची दोन पिंपं आणि वाळूचा ढीग. रेघेच्या आत पाटलांचा नातू आला तरी त्याला उचलून बाहेर ठेवत. मला तर बखोटीला धरून. आम्हा पोरांना त्या रेघेचा फार राग यायचा. दर्ग्याच्या बाजूची वाट दोरी बांधून मोकळी ठेवलेली असायची. तिथे पानाची टपरी लावू द्या म्हणून दरवर्षी कुणीतरी यायचं आणि परत जायचं.

अजून एक पद्धत होती. दारूवाल्याची निम्मी बिदागी आधी आणि निम्मी दुसऱ्या दिवशी, नळांचे खड्डे बुजवल्यावर. कारण तिसऱ्या दिवशी त्याच मैदानावर शाळेची पोरं खेळायची. खड्ड्यात पाय जाऊन मुरगळला तर पिराची काय शोभा राहिली, असा अब्बांचा सवाल असे. त्यांना लंडन-पॅरिस ठाऊक नव्हतं. खड्डा ठाऊक होता.

मैदान एका रात्रीसाठी आपण उसनं घेतो, ही जाणीव मोठ्या शहरांतही आता कायद्याच्या वाटेनं आली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 मध्ये ही मर्यादा पक्की केली. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारांना राहिली. रसिकांना हे जड गेलं. भीमसेनजींनी 1953 साली गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा. पहाटेचे राग पहाटेच ऐकलेले लोक अजून हळहळतात. मलाही हळहळ वाटते. मुशायराही मध्यरात्रीनंतरच तापतो. पण शेजारच्या इमारतीत तापाने फणफणलेलं मूल झोपवणाऱ्या बाईला ललत ऐकायचाच असेल असं आपण कशावरून धरायचं? तोच महोत्सव 2018 पासून रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. दादरच्या शिवाजी पार्कचं प्रकरण तर न्यायालयातच गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 साली त्या मैदानाला शांतता क्षेत्र म्हणून जपायला सांगितलं. सभा आणि मेळावे हाही त्या मैदानाचा इतिहास, आणि सकाळी नेट बांधून फलंदाजी शिकणारी पोरं हाही. दोघांनी एकाच मातीवर हक्क सांगितला तर भांडण होणारच. ते न्यायालयात झालं हे उलट बरं.

कायदा आहे म्हणून सगळं सुरळीत होतं असं नाही. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात 10 एप्रिल 2016च्या पहाटे दारूकामाची स्पर्धा चालली होती. प्रशासनाने परवानगी नाकारली होती, तरी झाली. साठवलेल्या दारूच्या खोलीपर्यंत ठिणगी गेली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे खारघरच्या मैदानावर एप्रिल 2023 मध्ये दारूकाम नव्हतं, पुरस्काराचा सोहळा होता, लोक भक्तिभावाने आले होते. भर उन्हात उघड्यावर बसले. उष्माघाताने चौदा माणसं दगावली. त्या मैदानावर हवं होतं ते सावली आणि सावलीतली वेळ, एवढंच.

हे सगळं आत्ताच का आठवलं, तर मी सध्या राहतो त्या तालुक्याच्या गावी अशाच कार्यक्रमाचं घाटत आहे. नगरपरिषदेचं क्रीडांगण, मोठी संगीतसंध्या आणि शेवटी आतषबाजी. पाच हजार माणसं येतील असा अंदाज. मला निवेदन लिहायला बोलावलं. दोन तास सभा चालली. त्यातला पाऊण तास वाद्यवृंद पुण्याचा की कोल्हापूरचा यावर आणि अर्धा तास पाहुण्यांच्या खुर्च्या किती यावर गेला. मी फाटकांचं विचारलं. क्रीडांगणाला फाटकं दोन. मागचं कैक वर्षं बंद, पुढचं जेमतेम बारा फुटी, आणि त्याच्यासमोर वडापावच्या गाड्या. एक गृहस्थ म्हणाले, “सर, इतकी वर्षं सभा होतात की तिथे, कधी काही झालं का?” त्यांना उत्तर दिलं ते मंडपवाल्याने. तो कोपऱ्यात खुर्च्यांचा हिशेब करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “साहेब, येताना माणूस एकेक येतो. जाताना सगळे एकदम.”

पुढची चर्चा मग जरा वेगळी झाली. आतषबाजी शेवटी ठेवायची नाही, असं मंडपवाल्यानेच सुचवलं. ती नऊला उरकायची आणि नंतर दहापर्यंत गाणी. ज्यांना दारूकामच पाहायचं ते आधी निघतील, गाण्याचे दर्दी मागाहून. लहान मुलांना घेऊन आलेल्या बायकांना गर्दी चुकेल. भिंतीपलीकडे प्रसूतिगृह आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आवाजाचे औट नकोत, रंगाचे चालतील असं कळवलं होतं. ते मान्य झालं. पीटीच्या सरांनी खेळपट्टी दाखवली आणि तिच्यावर मंडपाचा एकही खांब येणार नाही असं लिहून घेतलं. खड्ड्यांसाठी अनामत रक्कम ठेवायचं ठरलं, तेव्हा मला अब्बांच्या निम्म्या बिदागीची आठवण झाली. मी ती सभेत सांगितली आणि लोक हसले. पण इतिवृत्तात कलम आलं.

मागचं फाटक उघडायचं, हाही ठराव झाला आहे. कुलूप गंजलं आहे. नगरपरिषद म्हणते किल्ली शाळेकडे, शाळा म्हणते किल्ली नगरपरिषदेकडे. मंडपवाला म्हणतो, किल्लीचं राहू द्या, मी करवत घेऊन येतो. त्यासाठी रीतसर अर्ज केला आहे आणि तो या आठवड्यात सभेपुढे येणार आहे.